आठवड्याचे एक छायाचित्र

श्रोतेहो, या व्याख्यानाचे नाव फलकावर वाचून कित्येकांनी आम्हांला रस्त्यात थांबवून विचारले, की हे काय भलतेच काढले? मजुरी, बोनस, महागाई, फार तर हमालांचे पाठीचे दुखणे, हे तुमचे विषय. घरच्या कुत्र्यामांजरांची छायाचित्रे काढणे हा रिकाम्या माणसांचा उद्योग. प्रश्न रास्त आहे. त्यातला 'रिकाम्या' हा शब्द मात्र आम्हांला विचार करण्यासारखा वाटतो. कारण माणसाला थोडा रिकामा वेळ मिळावा म्हणूनच तर कामगारांच्या पिढ्या भांडल्या.

आधी गोष्ट काय आहे ती सांगतो. घरात जे जनावर असेल, कुत्रा, मांजर, शेळी, गाय, बैल, कोंबडीसुद्धा चालेल, त्याचे दर आठवड्याला एक छायाचित्र काढायचे. असे वर्षभर. आठवडे बावन्न, म्हणून चित्रे बावन्न. बाहेरच्या जगात या उपक्रमाला 'प्रोजेक्ट ५२' म्हणतात आणि हौशी लोक तो नाना विषयांवर करतात. नियम थोडे आहेत, पण ते पाळायचे. चित्र त्याच आठवड्यात काढलेले असावे, मागचे शिळे चालणार नाही. शंभर काढा, पण ठेवायचे एकच. आणि आठवड्याचा विषय आधी ठरवायचा: या आठवड्यात फक्त कान, पुढच्या आठवड्यात फक्त सावली. परीक्षक नाही, बक्षीस नाही. पैज आपली आपल्याशीच. कॅमेरा हवाच असे नाही. आज मोबाइल हमालाच्याही खिशात असतो, तेवढा पुरतो.

आठवडाच का, रोज का नाही, असे कोणी विचारील. कष्टकरी माणसाला रोजचा नेम झेपत नाही आणि महिन्याचा नेम विसरला जातो. आठवडा मात्र आमच्या अंगात मुरलेला आहे. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड, कोठेही जा, खेड्यापाड्यातला आठवडा बाजारावरून मोजतात. "दोन बाजार झाले, पाऊस नाही" असे माणसे बोलतात. शहरी आठवडा सुटीवरून मोजतात, आणि ती सुटी कोणी दान दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची हक्काची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, सभा घेतल्या, अर्जामागून अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. सहा दिवस यंत्राचे, एक दिवस माणसाचा. त्या एका दिवसातली दहा मिनिटे आम्ही आज मागतो आहो.

आता छायाचित्रणात जनावर कोठून आले ते थोडक्यात पाहू, कारण त्यातही वर्गभेद आहे. परभणी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या मुलखात होती. त्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे हिंदुस्थानातल्या मोठ्या छायाचित्रकारांपैकी एक. त्यांचे १९०२ सालचे एक चित्र प्रसिद्ध आहे: व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, त्यांची पत्नी आणि समोर मारून टाकलेला वाघ. जनावराला चित्रात यायचे तर मरून यावे लागे, असा तो काळ. त्याआधी इंग्लंडात ब्रायटनचा हॅरी पॉइंटर नावाचा एक छायाचित्रकार होऊन गेला. १८७० नंतरच्या दशकात त्याने मांजरांना चहा पिताना, सायकलीवर बसताना दाखवणारी चित्रे काढून विकली. मांजर जिवंत होते हे खरे, पण तेथे ते माणसाचे सोंग घेऊन बसले होते.

जनावराकडे जनावर म्हणून पाहण्याचा उपयोग काय, ते १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड माइब्रिज याने दाखवून दिले. त्याने धावपट्टीच्या कडेने ओळीने कॅमेरे मांडले आणि समोरून घोडा दौडत नेला. तोवर मोठमोठे चित्रकार दौडणारा घोडा रंगवीत तो पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला, हवेत तरंगणारा. छायाचित्रांनी सांगितले की घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरे, पण ते ताणलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना. हजारो वर्षे माणूस घोड्यावर बसत होता आणि घोडा कसा धावतो हे त्याला ठाऊक नव्हते!

आमच्या ओळखीतल्या सात-आठ मंडळींनी हा नेम धरला: दोघे हमाल, जिनिंगमध्ये काम करणारी एक बाई, एक एसटीतला मेकॅनिक, बाकी असेच. पहिले महिनाभर उत्साह दांडगा. नवव्या आठवड्याला एक हमाल येऊन म्हणाला, "भाऊ, शेळी संपली." म्हणजे शेळी जिवंत होती, चित्रे संपली होती. समोरून झाली, बाजूने झाली, पिलासकट झाली, पाला खाताना झाली. आता काय काढू? आमच्या मते खरा उपक्रम येथे सुरू होतो. आपल्याला ठाऊक असलेले जनावर आठ-नऊ आठवड्यांत संपते. त्याला आम्ही म्हटले, या खेपेला नुसता डोळा काढ. पुढच्या आठवड्यात तो चित्र घेऊन आला तो चकित होऊन. शेळीच्या डोळ्यातली बाहुली गोल नसते, आडवी चौकट असते. उन्हात तिची बारीक फट होते आणि संध्याकाळी ती रुंदावते. अशा आडव्या बाहुलीमुळे चरताना तिला डाव्या-उजव्या बाजूंचे पुष्कळ दूरवर दिसते. जन्मभर ज्याच्या घरी शेळ्या, त्याने हे पन्नाशीला पाहिले.

तंत्राचे चार शब्द सांगतो. ते माहीत नसल्याने पुष्कळ लोक कॅमेऱ्याला दोष देतात. पहिली गोष्ट, खाली बसा. उभ्याने काढलेल्या चित्रात कुत्र्याची पाठ आणि आपला अहंकार एवढेच येते. एलियट अरविट (१९२८–२०२३) या छायाचित्रकाराचे न्यूयॉर्कमधले १९७४ सालचे एक चित्र पाहण्यासारखे आहे. कॅमेरा जमिनीलगत ठेवलेला. एका बाजूला कोणा उंच कुत्र्याचे नुसते पाय, मध्ये बाईचे बूट, आणि टोपी घातलेले एक चिमुकले कुत्रे तेवढे पुरते दिसते. त्या उंचीवरून जग कसे असते ते एका क्षणात कळते.

दुसरी गोष्ट रंगाची. काळी म्हैस चित्रात राखाडी येते आणि पांढरे मांजर मळकट येते, अशी तक्रार हमखास असते. कॅमेऱ्याला म्हैस कळत नाही, उजेड कळतो. समोरचे सारे मध्यम उजळ असावे अशी त्याची समजूत करून दिलेली असते, म्हणून तो काळ्याला उजळवतो आणि पांढऱ्याला झाकोळतो. मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवले की उजेड कमीजास्त करण्याची खूण येते. म्हशीसाठी तो कमी करा, पांढऱ्या मांजरासाठी वाढवा. पडद्यावर बोट ठेवायचे तेही डोळ्यावर, कारण डोळा स्पष्ट आला तर बाकीचे थोडे अस्पष्ट असले तरी चालते. रात्री फ्लॅश वापरू नये. कुत्र्यामांजरांच्या, गुरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परतवणारा एक पडदा असतो. अंधारात त्यांना बरे दिसते ते त्याच्यामुळे, आणि फ्लॅशपुढे त्यांचे डोळे हिरवे-पिवळे पेटतात तेही त्याच्यामुळेच. सकाळचे किंवा दिवस कलतानाचे ऊन घ्यावे. नाहीतर लिंबाची सावली. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, त्या दुपारी फरशीवर कुत्र्याला उभे करणे म्हणजे तव्यावर उभे करणे.

येथे आमचा मूळ धंदा आडवा येतो. चित्रासाठी उभे राहणारे जनावर हा आमच्या लेखी कामगारच आहे, आणि तोही असा, की ज्याला संप करता येत नाही. म्हणून आमच्या मंडळींनी ठराव केला: पाळी दहा मिनिटांची, जादा काम नाही, मजुरी रोख आणि ती भाकरीच्या तुकड्यात. टोप्या, चष्मे, झबली चढवायची नाहीत. कुत्रा वारंवार जांभई देऊ लागला, ओठ चाटू लागला, तोंड फिरवू लागला, डोळ्याचा पांढरा भाग दाखवू लागला, तर त्याने काम बंद केले असे समजावे. मांजराने कान मागे पाडले आणि शेपटी आपटली की तेच. बैलाच्या बाबतीत धोका वेगळा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवार दिसते, नेमके पाठीमागचे मात्र दिसत नाही. पाठीमागून मोबाइल घेऊन गेलात आणि लाथ बसली, तर तो अपघात तुमच्या खाती.

आपल्या जिल्ह्याला या बाबतीत काही कमी नाही. लाल कंधारी गुरे नांदेड-परभणीच्या पट्ट्यातली. त्यांचा गडद तांबडा रंग दिवस मावळताना असा चढतो की परगावच्या छायाचित्रकाराने हेवा करावा. शेजारच्या लातूरची देवणी जात पांढऱ्यावर काळी. तिच्यात वानेरा, बालंक्या, शेवेरा असे प्रकार काळ्या रंगाच्या जागेवरून ओळखतात. मराठवाडी म्हशीची लांब, मागे गेलेली शिंगे हा तर चार आठवड्यांचा विषय. रस्त्यावरचे गावठी कुत्रे हलके समजू नये. नामदेवराय भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. त्यांचे नर्सी गाव १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते.

पोळ्याची चित्रे सगळेच काढतात: रंगवलेली शिंगे, झूल, बाशिंग, वेशीतली गर्दी. त्या मेकॅनिकने गेल्या पोळ्याला आदल्या संध्याकाळच्या खांदमळणीचे चित्र काढले. त्याच्या भावाचा हात, हळद-तूप, आणि वर्षभर जू घासून बैलाच्या मानेवर जाड झालेले कातडे. बैलाचे तोंड नाही, माणसाचे तोंड नाही. ते चित्र आमच्या कचेरीच्या भिंतीवर लावले आहे. ते पाहून एका म्हाताऱ्या हमालाने सदरा बाजूला सारून आपला खांदा दाखवला आणि काही न बोलता चहा प्यायला निघून गेला.

अशी चित्रे आता का काढावीत, याचे एक कारण उघड आहे. नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली, बैलजोडी पोसणे जड झाले. २०१५-१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी चाऱ्यापाण्याअभावी जनावरे बाजारात नेली. त्या घरांतून लग्नाचे आल्बम निघतात, जावळाची चित्रे निघतात. ज्या जोडीवर ते लग्न झाले तिचे एक चित्र निघत नाही. घरातल्या बायांचेही तसेच. लग्नातले चित्र सोडले तर धार काढताना, शेण भरताना, शेळीला पाला घालतानाचे कोणाचे चित्र आहे? म्हणून आमच्या यादीत एक विषय सक्तीचा आहे: जनावराला रोज खाऊ घालणारा हात. तो बहुधा बाईचाच निघतो. जिनिंगमधल्या बाईंनी मात्र वेगळी अडचण सांगितली: मांजराला खाऊ घालणारी मीच, मग माझा हात काढणार कोण? शेवटी त्यांच्या नातीने चित्र काढले, आणि आमच्या मंडळात एक सभासद वाढला.

दुसरा सक्तीचा विषय जनावर नसलेल्या चित्राचा. रिकामा खुंटा, दाव्याने झिजलेला. पोत्यावर मांजर बसून पडलेला खळगा. कुत्र्याने पायरीखाली उकरलेली गार जागा. हे चित्र चाळिसाव्या आठवड्याच्या आत काढू नये, त्याआधी ते जमत नाही.

राहिला खर्च. मोबाइलमधली चित्रे मोबाइलबरोबर जातात. फोन पडला, हरवला, की वर्ष गेले. म्हणून दर महिन्याला चार चित्रे स्टुडिओतून कागदावर काढून घ्यावीत. दोन-चार कप चहाच्या पैशांत भागते. मागे न पुसणाऱ्या शाईने तारीख, गाव, जनावराचे नाव आणि वय लिहावे. खाऊ घालणाऱ्याचे नाव लिहावे. आणि जनावर विकले गेले असेल, तर कोणत्या बाजारात, तेही.