प्रत्येक कॉलचा ‘एन’ वेगळा

पायथनमध्ये रिकर्शन आलं की बरेच विद्यार्थी एकाच जागी अडखळतात. फंक्शन स्वतःला बोलावतं म्हणजे मागे फिरून पहिल्या ओळीवर जातं आणि ‘एन’ची आधीची किंमत पुसली जाते, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. दर कॉलसाठी पायथन नवी फ्रेम तयार करतं आणि त्या कॉलचा ‘एन’ तिच्यातच राहतो. ४ चं फॅक्टोरियल काढताना ४, ३, २, १ असे चार ‘एन’ एकाच वेळी मेमरीत असतात. पहिले तीन कॉल आपापला गुणाकार अर्धवट ठेवून थांबलेले असतात. १ वर पोचल्यावर उत्तरं परतू लागतात: १, २, ६ आणि शेवटी २४. गुणाकार होतात ते परतीच्या वाटेवर. हे एकदा कागदावर चौकटी काढून कराच. व्याख्या पाठ करून ते कळत नाही.

रिकर्शन एरर आली म्हणजे मेमरी संपली, हाही गैरसमजच. पायथनने कॉलच्या खोलीवर मुळातच १००० ची मर्यादा घातलेली आहे. ती वाढवता येते, पण बहुतेक वेळा थांबण्याची अटच चुकलेली असते.

‘रिकर्शन हळू चालतं’ हे अर्धसत्य आहे. शून्य आणि एकवर थांबणाऱ्या साध्या फंक्शनने ३० साठी फिबोनाची काढली, तर २६,९२,५३७ कॉल होतात, कारण तीच उत्तरं पुन्हापुन्हा काढली जातात. पायथन ३.२ पासून मिळणारं एलआरयू कॅश फंक्शनवर लावलं की प्रत्यक्ष आकडेमोड ३१ वेळाच होते.

क्लासमध्ये नेमकी उलटी गफलत होते. तिथे जे सामायिक आहे ते स्वतंत्र वाटतं. ‘विद्यार्थी’ क्लासमध्ये, पण इनिटच्या बाहेर, ‘गुण = []’ लिहिलं तर लिस्ट एकच बनते. एका विद्यार्थ्याच्या लिस्टमध्ये ७२ अपेंड केले की ते सर्वांकडे दिसतात. इनिटच्या आत ‘सेल्फ.गुण = []’ लिहिलं की ज्याची त्याला लिस्ट मिळते. एकच ऑब्जेक्ट करून पाहिलं तर ही चूक सापडत नाही, म्हणून तपासताना निदान दोन करावेत.

सेल्फ हा राखीव शब्दही नाही. ते मेथडच्या पहिल्या पॅरामीटरचं रूढ नाव आहे. ‘अ.निकाल()’ लिहिलं की पायथन ‘विद्यार्थी.निकाल(अ)’ असा कॉल करतं. म्हणूनच सेल्फ लिहायला विसरल्यावर, कंस रिकामा दिसत असूनही, एक आर्ग्युमेंट जास्त आल्याची तक्रार येते.