टॅक्सी जोडून देणारें यंत्र आणि कायदा

मुंबईच्या टॅक्सीवरील मीटर हा एक मुका पंच होय. त्याचा दर सरकारनें ठरविलेला असतो, त्यावर वैधमापन खात्याची मोहोर असते, आणि शंका आल्यास तें तपासून घेतां येतें. मोबाईलवरून टॅक्सी बोलाविली म्हणजे हें काम दूरच्या संगणकाकडे जातें. कोणता प्रवासी कोणत्या चालकास द्यावयाचा, भाडें किती, कोणाचें खातें बंद करावयाचें, हें सारें कृत्रिम बुद्धि क्षणार्धांत ठरविते. या निर्णयांवर मोहोर कोणाची?

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें अशा मध्यस्थ कंपन्यांस सरकारी परवाना आवश्यक ठरविला. केंद्राच्या २०२० च्या सूचनांत गर्दीच्या वेळचें भाडें मूळ भाड्याच्या दीडपटीवर रोखलें होतें. जुलै २०२५ मध्यें ती मर्यादा दुप्पट झाली. राज्यांस आपले आंकडे निराळे ठेवितां येतात. तेव्हां मर्यादा यंत्रांत कायमची कोरून ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

याच नव्या सूचनांप्रमाणें सबळ कारणावांचून फेरी रद्द करणाऱ्यास, चालक असो वा प्रवासी, भाड्याच्या १० टक्के, पण १०० रुपयांहून अधिक नाहीं, असा दंड आहे. चालक हिंदमात्याच्या पाण्यांत अडकला, तर हें कारण सबळ कीं नाहीं? यंत्रास तें शिकवावें लागतें. शिकवूनहि चुकलें तर दाद ऐकणारा माणूस लागतो.

तो माणूस सहीपुरता मात्र नसावा. लबाडीच्या संशयावरून उबरनें कांहीं चालकांचीं खातीं बंद केलीं, तेव्हां प्रकरण ॲम्स्टरडॅमच्या अपील न्यायालयांत गेलें. निर्णयांत माणसाचा हात होता, असें कंपनीचें म्हणणें. ४ एप्रिल २०२३ रोजीं न्यायालयानें तो हात नाममात्र ठरविला व निर्णयामागील कारणें चालकांस कळविण्यास सांगितलें. यास आधार युरोपच्या माहिती-संरक्षण नियमांचा. भारताच्या २०२३ च्या कायद्यांत, केवळ यंत्रानें केलेल्या निर्णयाविरुद्ध असा स्पष्ट हक्क नाहीं. ही उणीव लहान नव्हे. टॅक्सीवाल्याचें खातें बंद झालें कीं घरची चूल थंडावते.

कारण मागाहून शोधूं म्हटलें तर सांपडत नाहीं. यंत्रापुढें त्या क्षणीं कोणती माहिती होती व कोणता नियम लागला, याची नोंद निर्णयाबरोबरच व्हावयास हवी. येथें एक पेंच आहे: काम सरतांच माहिती पुसावी, हें तत्त्वहि त्याच भारतीय कायद्यांत आहे. प्रवाशाचें नांव व ठिकाण गाळून निर्णयाचें कारण तेवढें तक्रारीची मुदत संपेपर्यंत जपावें, हा त्यांतला सुलभ मार्ग दिसतो.