सूचनाफलकावरची शेवटची ओळ

१९७४ च्या एप्रिलमधली गोष्ट. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण संपवीत आलेल्या एका विद्यार्थिनीने, तास आटोपून वसतिगृहाकडे परतत असता, सूचनाफलकावर टेल्को कंपनीची जाहिरात वाचली. कंपनीला तरुण, बुद्धिमान व कष्टाळू अभियंते हवे होते. परंतु तळाशी, स्त्रियांनी अर्ज करण्याची आवश्यकता नाही, अशा आशयाची एक ओळ छापलेली होती. त्या मुलीने एक पोस्टकार्ड घेतले आणि थेट जे. आर. डी. टाटांना लिहिले की, ज्या घराण्याने ही विज्ञानसंस्था उभारली त्याच घराण्याच्या कंपनीने असा भेद करावा याचे आपल्याला नवल वाटते. दहाएक दिवसांत तार आली : मुलाखतीसाठी पुण्यास यावे, जाण्यायेण्याचा खर्च कंपनी देईल. मुलाखत झाली, नेमणूक झाली, आणि सुधा कुलकर्णी या टेल्कोच्या कारखान्यात रुजू झालेल्या पहिल्या महिला अभियंता ठरल्या. पुढे १९८१ साली त्यांचे पती नारायण मूर्ती यांनी सहा सहकाऱ्यांसह पुण्यात इन्फोसिस काढली, तेव्हा प्रारंभीच्या भांडवलाचे दहा हजार रुपये सुधाबाईंच्या शिलकीतून आले. जिला फलकावरच्या एका ओळीने उंबऱ्याबाहेर ठेवले होते तिच्याच पैशांतून, पुढे देशभरच्या महाविद्यालयांत जाऊन हजारोंनी विद्यार्थी निवडणारी कंपनी उभी राहिली. तंत्रज्ञान-कंपन्या विद्यार्थ्यांच्या दारी जातात त्या कशासाठी, आणि तेथे जाऊन त्या काय करतात, याचा विचार करताना ती शेवटची ओळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. कारण ती पुसली गेली असली, तरी तिची जागा रिकामी राहिलेली नाही.

ज्याला आज इंटर्नशिप म्हणतात त्याला मराठीत ‘उमेदवारी’ हा जुना शब्द आहे, आणि तो निवडणुकीच्या फंदात सापडला नसता तर आजही त्याच अर्थाने चालला असता. उमेद म्हणजे आशा. आशा धरून कचेरीच्या दारी बसलेला तो उमेदवार. इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीत किंवा एखाद्या वकिलाच्या दप्तरात शाळा सुटलेला मुलगा नकला उतरीत बसे, मोडीचे वळण घोटी, कोणता कागद कोणत्या रुमालात बांधायचा हे कारकुनाच्या हाताकडे पाहून शिकी, आणि जागा खाली होण्याची वाट पाही. या उमेदवारीत खरे शिक्षण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु कचेरीत नुसते बसायला मिळावे म्हणूनही वशिला लागे, आणि बिनपगारी बसणे त्यालाच परवडे ज्याच्या घरी दोन वेळच्या जेवणाची तजवीज होती. आजच्या इंटर्नशिपची परीक्षाही माझ्या मते याच दोन मुद्द्यांवर व्हावयास हवी : आत कोणाला घेतात, आणि घेतल्यावर त्याने पोट कशावर भरायचे.

उमेदवारी आणि वर्ग यांची सांगड घालून, अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून विद्यार्थ्याने काही काळ वर्गात व काही काळ कारखान्यात घालवावा, ही कल्पना १९०६ साली अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी २७ विद्यार्थ्यांवर प्रथम राबवली. आपल्याकडे पिलानीच्या बिट्स या संस्थेने १९७३ साली ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू करून ती रुजवली.

पण कंपन्या विद्यार्थ्यांच्या दारी येतात त्या आधी भरतीसाठी. ज्या दिवशी महाविद्यालयात ‘कंपनी येणार’ असते, तो दिवस ज्याने पाहिला नाही त्याला या विषयातली धग कळणार नाही. एरवी सुरकुतलेल्या टी-शर्टात वावरणारी मुले त्या सकाळी फिकट निळे सदरे इस्त्री करून येतात. टाय दोघातिघांत मिळून एक असतो आणि तो मुलाखतीच्या खोलीच्या दाराशीच एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातो. प्रथम सभागृहात कंपनीचे प्रतिनिधी आपली ओळख, कामाचे स्वरूप आणि वार्षिक पगाराचा आकडा सांगतात. मग ॲप्टिट्यूडची चाचणी होते, तीत निम्म्याहून अधिक गळतात. उरलेल्यांना संगणकावर प्रोग्राम लिहावयास देतात, काही ठिकाणी गटचर्चा घेतात, आणि अखेरीस तांत्रिक व मनुष्यबळ विभागाच्या अशा दोन मुलाखती होतात. संध्याकाळी उशिरा प्लेसमेंट अधिकारी, म्हणजे मुलांचे टीपीओ सर, यादी वाचून दाखवतात. नावे संपल्यावर सभागृहात जी शांतता पसरते ती मी अनेकदा ऐकली आहे, आणि तिची सवय मला अजून झालेली नाही.

पण ही सारी चाळणी लागण्यापूर्वीच एक चाळणी लागून गेलेली असते. दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही टप्प्यांवर किमान साठ टक्के असावेत, एकही केटी, म्हणजे राहिलेला विषय, शिल्लक नसावी, मध्ये वर्ष गेलेले नसावे, अशा अटी कंपनीच्या पत्रात तळाशी लिहिलेल्या असतात. कंपनीची बाजू मी समजू शकतो : दोन दिवसांत हजार मुले पाहावयाची तर कोठे तरी रेघ ओढणे प्राप्तच आहे, आणि गुणांची रेघ ओढणे सर्वांत सोपे व वरकरणी निःपक्षपाती. तथापि पंधराव्या वर्षी, दुष्काळाच्या साली, उसाच्या फडावर आईबापांमागे हिंडत असता ज्याने दहावीत ५८ टक्के मिळवले, त्याच्या बुद्धीविषयी तो आकडा एकविसाव्या वर्षी काय सांगतो? त्याने पुढे अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळवला तरी त्याला चाचणीच्या खोलीत पाऊल ठेवता येत नाही. हा अन्याय कोणी दुष्टपणाने करीत नाही, म्हणूनच त्याची दाद मागणे कठीण. पोस्टकार्ड कोणाच्या नावे धाडावयाचे?

म्हणून नुसत्या भरतीपेक्षा कंपन्यांचा जो दुसरा उद्योग आहे, तो मला अधिक मोलाचा वाटतो. इन्फोसिसने २००४ साली ‘कॅम्पस कनेक्ट’ नावाचा उपक्रम सुरू केला. म्हैसूरच्या आपल्या भव्य प्रशिक्षण केंद्रात नव्या नोकरदारांना जे शिकवावे लागत असे, त्याची पाठ्यसामग्री अभियांत्रिकी महाविद्यालयांना खुली करून द्यावयाची आणि तेथील अध्यापकांना ती शिकवण्याचे प्रशिक्षण द्यावयाचे, अशी ती योजना होती. त्यात कंपनीचा स्वार्थ उघड होता, आणि तो असण्यात गैर काहीच नाही. परंतु विद्यार्थी चार वर्षांनी जातो, अध्यापक तीस वर्षे राहतो. एका अध्यापकाला चालू जमान्याचे काम समजले तर त्याच्या हाताखालून जाणाऱ्या पिढ्यांना ते समजते, आणि त्यांपैकी कोणी त्या कंपनीत जावो न जावो, तालुक्याच्या गावातल्या वर्गाची उंची तेवढी वाढते. प्राध्यापकांशी असा दीर्घकाळ संबंध ठेवणारी कंपनी आणि वर्षातून एकदा येऊन यादी लावून जाणारी कंपनी यांत मी तरी महदंतर मानतो.

इंटर्नशिपचे लाभ दोन्ही पक्षांना आहेत. अर्ध्या तासाच्या मुलाखतीत माणूस जेवढा दिसतो तेवढा कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातही दिसतो. दोन महिने शेजारी बसून काम केल्यावर त्याची चिकाटी, चूक कबूल करण्याची वृत्ती आणि दुसऱ्याला विचारण्याचा संकोच, सारेच ध्यानी येते. म्हणूनच पुष्कळ कंपन्या इंटर्नशिपच्या अखेरीस तेथल्या तेथे नोकरीचा प्रस्ताव देतात. दुसऱ्या बाजूस, अभ्यासक्रमात इंटर्नशिप आवश्यक झाल्यापासून, काम न देता केवळ प्रमाणपत्र देणारी, किंबहुना त्याबद्दल विद्यार्थ्याकडूनच शुल्क घेणारी दुकानेही निघाली आहेत. शिकाऊ माणसाने शिकवण्याचे मोल द्यावे हे एक वेळ समजते. पण न शिकवल्याचे मोल त्याच्याकडून घेणे ही शुद्ध लूट आहे, आणि महाविद्यालयांनी असली प्रमाणपत्रे दाखल करून घेण्याचे साफ नाकारले पाहिजे. मेहनतान्याच्या बाबतीत सरकारने अलीकडे थोडे लक्ष घातले आहे. २०२४ साली जाहीर झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत मोठ्या कंपन्यांतील बारा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी दरमहा ५,००० रुपये ठरवण्यात आले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधरांसाठी दरमहा १०,००० रुपये. पुण्याच्या हिंजवडीत खाटेचे भाडे आणि डबा यांचा हिशेब ज्याने मांडला आहे त्याला पहिला आकडा किती तोकडा आहे हे सांगावयास नको. पण बिनपगारी उमेदवारीपेक्षा तो बरा.

काही वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी घेऊन मी हिंजवडीच्या एका कंपनीत गेलो होतो. काचेची इमारत, उपाहारगृह, सभागृह हे दाखवून झाल्यावर एका तरुण अभियंत्याने मुलांना आपल्या टेबलाभोवती बसवले आणि त्या दिवशी त्याच्यापुढे असलेली खरी अडचण पडद्यावर उघडली. पावतीवर मराठी नावे छापताना ‘क्षीरसागर’ हे आडनाव ‘क्षीरसाग’ असे उमटत होते आणि पुढे एक चौकोन येत होता. ‘जोशी’ नीट उमटे. कोणी काही बोलेना. मागच्या रांगेतली, दिवसभर तोंड न उघडलेली एक मुलगी वहीत काही मोजत होती. “सर,” ती म्हणाली, “नावासाठी जागा किती ठेवली आहे?” “पंचवीस बाइट.” तेव्हा तिने वही पुढे केली. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. क, हलन्त, ष, वेलांटी, र, स, काना, ग, र अशी नऊ चिन्हे, म्हणजे सत्तावीस बाइट. पंचविसात आठ चिन्हे बसतात आणि नवव्याचा एक तुकडा उरतो. तोच तुकडा चौकोन होऊन छापला जात होता.

तिला दहावीत ५८ टक्के होते. अभियंत्याने ते विचारले नाही. त्याने तिचे नाव लिहून घेतले, आणि उन्हाळ्यात ती तेथे दोन महिन्यांसाठी, पगारी, रुजू झाली. पहिले काम तेच मिळाले. तिने केलेली दुरुस्ती वरिष्ठ बाईंनी अकरा शेरे लिहून परत केली; दुसऱ्या वेळी शेरे चार आले; तिसऱ्या वेळी दुरुस्ती स्वीकारली गेली. पहिल्या अकरांपैकी सातवा शेरा तिने मला मुद्दाम वाचून दाखवला : तुझ्या ओळखीच्या आडनावांवर चालवून पाहिलेस, आता ज्यांची आडनावे तुला ठाऊक नाहीत त्यांच्यावर चालवून पाहा. तिने मला फोन करून महाविद्यालयातल्या नुसत्या आडनावांची यादी मागितली. मी रात्री जुनी हजेरीपत्रके काढून बसलो, आणि एकही आडनाव न गाळता उतरवून तिला पाठवली.