कुंपणाबाहेरचा कामगार

दिवाळीच्या सुमारास जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांच्या रस्त्यांवर बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा दिसू लागतात. बीड, अहिल्यानगर, नाशिक, जळगाव या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येऊन उतरतात, माळावर कोप्या उभ्या राहतात आणि गळिताचा हंगाम सुरू होतो. कुकडी प्रकल्पाच्या माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांनी या मुलखाचे रूप पालटले. कोरडवाहू रानांत ऊस उभा राहिला. जुन्नरात शिरोलीस विघ्नहर व आंबेगावात पारगावास भीमाशंकर हे सहकारी कारखाने झाले. या भरभराटीचे कौतुक आम्हांसही आहे. परंतु ज्यांच्या हातांवाचून उसाचे कांडे गव्हाणीपर्यंत पोहोचत नाही, त्या माणसांस दिवसातून हक्काचा विसावा किती मिळतो, ही विचारपूस या भरभराटीच्या गडबडीत राहून गेली आहे.

साखर कारखान्याभोवती एक कुंपण असते. कुंपणाच्या आत भोंगा वाजतो. त्या भोंग्यावर पाळी सुरू होते, पाळी संपते, आणि मधली सुटीही ठरलेली असते. कुंपणाबाहेर फडात जो मनुष्य कोयता चालवितो, त्याच्यासाठी भोंगा नाही, पाळी नाही आणि सुटीही नाही. दोघांच्या श्रमांतून निघणारी साखर एकाच पोत्यात भरली जाते. परंतु एक कामगार ठरतो आणि दुसरा केवळ ‘कोयता’. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता! ज्या व्यवहारात माणसाची मोजदादच हत्याराच्या नावाने होते, तेथे त्या माणसाच्या जेवणाची वेळ कोण मोजणार?

या कोयत्याचा दिवस कसा जातो, हे गावकऱ्यांनी रोज पाहिलेले आहे. बाई पहाटेच्या अंधारात उठून भाकऱ्या थापते आणि उजाडण्यापूर्वी दोघेही फडाची वाट धरतात. पुरुष बुडख्याशी वाकून ऊस तोडतो. बाई पाचट काढते, वाढ्याने मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढविते. भाकरी खावयाची ती बांधावर, उन्हात, आणि तीही तोड मागे पडणार नाही अशा बेताने. सायंकाळी कोपीवर परतल्यावर पाणी, सरपण व चूल बाईचीच वाट पाहत असतात. इतक्यात रात्री मालमोटार आली, तर पाठ टेकलेली माणसे पुन्हा उठतात. गाडीवानाची तऱ्हा निराळी: त्याचा ऊस तुटला तरी कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत त्याला बैलांशेजारी रात्र काढावी लागते, आणि सकाळ झाली की पुन्हा फड आहेच. ताटकळत बसणे म्हणजे विश्रांती नव्हे, हे आम्ही मुद्दाम सांगून ठेवतो. कारण हिशेब मांडणारे हे रिकामे तास विसाव्यात धरावयास नेहमी तयार असतात.

या दोन तालुक्यांत आणखी एक गोष्ट आहे, जी इतर ऊसमुलखांत इतक्या तीव्रतेने आढळत नाही. येथील उसात बिबट्या राहतो, वितो, वाढतो. जुन्नर वनविभागाच्या हद्दीत माणसे, विशेषतः मुले, त्याला बळी पडली आहेत. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहास निवारा केंद्र चालवावे लागते. त्याच्या फिरण्याची वेळ मुख्यत्वे सांजेची, रात्रीची आणि पहाटेची. नेमक्या याच वेळी ऊसतोडीचे माणूस फडात वाकलेले असते आणि त्याचे लेकरू बांधावर गोधडीत निजलेले असते. बिबट्याच्या भयाने येथील बागायतदार पाण्यासाठी दिवसा वीज मागतो, आणि ती मागणी आम्ही न्याय्य समजतो. मग अंधारात फडावर माणूस नको, एवढेच तोडणीवाल्याने म्हटले तर ते अवास्तव कसे? सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतचा विसावा हा इथे सुखाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

ही मागणी नवीन नाही, आणि परदेशी तर मुळीच नाही. आंबेगावच्या शेजारच्या खेड तालुक्यातील कन्हेरसर हे ज्यांचे मूळ गाव, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेविला. त्यात काय मागितले होते? रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि वेळेवर पगार. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीस दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने दुपारचा अर्धा तास आला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम न घेता मध्ये अर्धा तास द्यावा, असे ठरविले; १९६१ साली मोटार वाहतुकीतील कामगारांसही तसाच विसावा मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. हे पाऊल आम्हांस मागे जाणारे वाटते. तथापि त्यातही पाच तासांनंतर अर्धा तास आणि सहा तासांनंतर पुन्हा अर्धा तास सोडणे भाग पडले. लोखंड्यांच्या अर्जास सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. फडातील बाईस मात्र त्यातील एकही कलम अद्याप लागू झालेले नाही.

यातील विपर्यास या तालुक्यांइतका दुसऱ्या कोणास कळू नये. मुंबईचे डबेवाले बहुतांशी खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ इकडचेच. महादू हावजी बच्चे यांनी हा उद्योग मांडला तो १८९० च्या सुमारास, म्हणजे गिरण्यांस रविवार मिळाला त्याच काळात. दुपारच्या सुटीत घरचे अन्न वेळेवर हाती पडावे म्हणून या डोंगराळ मुलखाच्या पोरांनी पिढ्यानपिढ्या धाव घेतली. जेवणाच्या तासाची किंमत ज्यांच्या घरात इतकी जाणली जाते, त्यांच्याच गावाच्या शिवारात जेवणाच्या तासावाचून माणसे राबतात.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की, तोडणी टनावर असते. मजूर आपल्या मर्जीने दमतो व आपल्या मर्जीने बसतो. गिरणीमालकही असेच म्हणत की, कामगार अधूनमधून बाहेर जाऊन बसतोच, त्याला निराळी सुटी कशाला? परंतु ज्याने हंगामापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतली आहे, त्याची मर्जी गहाण पडलेली असते. एक दिवस अंग मोडून आले व खाडा पडला, तर मजुरी बुडते आणि दंडही उचलीच्या खात्यावर चढतो, अशी तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे. याचे फळ काय, ते बीड जिल्ह्यात २०१९ साली दिसले: सरकारी पाहणीत ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा नको म्हणून शरीराचा अवयवच काढून टाकावा, अशी वेळ जो व्यवहार आणतो, त्याला मर्जीचा व्यवहार म्हणणे ही भाषेची विटंबना होय.

दुसरा आक्षेप उसाचा. तोडलेला ऊस पडून राहिला तर वजन घटते, उतारा उतरतो. कारखाना रात्रंदिवस चालतो, त्याला खंड चालत नाही. हे खरे आहे. परंतु कारखाना अखंड चालावा म्हणून आतील कामगारास आपण अखंड राबवीत नाही, पाळ्या लावतो. तोडीचा कार्यक्रम शेतकी खाते आखते, वाहनांची नोंद ठेवते. कोणत्या फडावर कोणती गाडी केव्हा जाईल, हे ठरविण्याची सर्व साधने त्याच्याजवळ आहेत. रात्रीचा ऊस दिवसाच भरून आवारात आणून ठेवणे ही व्यवस्थेची बाब आहे. ती न करता व्यवस्थेची तूट एका बाईच्या झोपेतून भरून काढू नये.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात चौतीस टक्के वाढ ठरली, ती योग्यच झाली. पण संप दरासाठी होतो, तडजोड दरावर होते. तासांचा विषय निघालाच तर शेवटी. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत धान्यविक्रेते, कासार व बुरूड यांच्या श्रेणींची नावे कोरलेली आहेत. एवढ्या जुन्या काळी या गावात कारागिरांचे संघ होते. आज दर हंगामास निराळ्या रानात जाणाऱ्या टोळीस स्वतःचा संघ जमवून तासांची बोलणी करणे अवघड जाते. म्हणूनच हा विषय उसाच्या मालकांनी हाती घ्यावयास पाहिजे.

सहकारी कारखान्याचे मालक म्हणजे सभासद, आणि जुन्नर-आंबेगावातील आमचे कित्येक वाचक सभासद आहेत. त्यांनी येत्या वार्षिक सभेपुढे एक ठराव मांडावा: अंधारात तोड व भरणी बंद, दुपारी एक तास काम थांबवून फडावर सावली व पिण्याचे पाणी, आठवड्यास एक दिवस भरपगारी सुटी, आजारपणाच्या व पाळीच्या दिवसांवरील दंड रद्द, आणि मुकादमाशी होणाऱ्या करारात हे सारे लेखी. खर्च किती येईल, हे सभेतच टनावारी मांडून दाखवावे. सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन सभासद उभे राहिले म्हणजे पुरे; चर्चेस आरंभ होईल, आणि संचालक मंडळास उत्तर द्यावे लागेल.