क्लाऊड : यंत्र भाड्याचे, जबाबदारी आपलीच!

परवा कोर्टाच्या आवारात एका दुकानदार पक्षकाराने आम्हाला विचारले, "वकीलसाहेब, पोरगा म्हणतो दुकानाचा सगळा हिशेब आता क्लाऊडवर आहे. क्लाऊडवर म्हणजे नेमका कुठे?" प्रश्न साधा असला तरी महत्त्वाचा आहे. एखाद्या गोष्टीला जड इंग्रजी नाव दिले की सामान्य माणूस प्रश्न विचारायचेच सोडून देतो. म्हणून या प्रश्नाचे सरळ उत्तर देणे आम्हाला गरजेचे वाटते.

क्लाऊड म्हणजे आकाशातला ढग नव्हे. जमिनीवरच्याच मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक ठेवलेले असतात. त्या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. त्यांच्यावरची जागा आणि काम करण्याची ताकद इंटरनेटवरून भाड्याने घेणे म्हणजे क्लाऊड कॉम्प्युटिंग. अ‍ॅमेझॉनने हा भाड्याचा धंदा २००६ साली सुरू केला. २०१६ साली त्यांची सेवा मुंबईतील केंद्रांतूनही मिळू लागली.

हे भाडे तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार रिकाम्या गाळ्यासारखा : नुसते यंत्र मिळते, बाकी सारे आपण मांडायचे. दुसरा प्रकार वीज, फळ्या, काउंटरसह गाळ्यासारखा : प्रोग्रॅम लिहून चालवण्याची तयारी मालकाने करून दिलेली असते. तिसरा म्हणजे थाटलेले दुकानच : ई-मेल किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम उघडायचा आणि वापरायचा. आमच्या पक्षकाराचा हिशेब या तिसऱ्या प्रकारात मोडतो.

मग व्यावसायिक इकडे का वळतात? नेटफ्लिक्सचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २००८ मध्ये या अमेरिकन कंपनीच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये बिघाड झाला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. सारा कारभार एकाच ठिकाणच्या यंत्रांवर ठेवण्याचा धोका तेव्हा कळला. कंपनी अ‍ॅमेझॉनच्या क्लाऊडवर जाऊ लागली आणि जानेवारी २०१६ मध्ये हे स्थलांतर पूर्ण झाले. प्रेक्षक वाढले की काही मिनिटांत जादा सर्व्हर घ्यायचे, गर्दी ओसरली की सोडून द्यायचे, ही सोय स्वतःच्या यंत्रात नसते. छोट्या उद्योजकाचा फायदा तर याहून मोठा आहे. पूर्वी सर्व्हर घ्यायला लाखो रुपयांचे भांडवल लागे. ज्याच्याकडे भांडवल नाही तो दाराबाहेरच राही. आज वापराल तेवढेच भाडे द्या आणि धंदा सुरू करा. आपल्या तरुणांनी ही संधी जरूर घ्यावी.

परंतु भाडे हे शेवटी भाडेच! ज्याचे काम बारा महिने सारखेच चालते, त्याला ते महागही पडते. ३७सिग्नल्स या अमेरिकन कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये क्लाऊड सोडण्याचे जाहीर केले आणि पुढे स्वतःचे सर्व्हर विकत घेतले. शिवाय इमारत जळू शकते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर आगीत खाक झाले. ज्यांनी दुसरी प्रत अन्यत्र ठेवली नव्हती, अशा अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली.

आणि कायदा काय म्हणतो? २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ८ नुसार, ग्राहकांची माहिती दुसऱ्या कंपनीकडून हाताळून घेतली तरी जबाबदारी मूळ व्यावसायिकाचीच राहते. या कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे; ती पूर्ण होण्याची वाट पाहत बसू नये. गाळा भाड्याने घेताना आपण करारनामा चार जणांकडून वाचून घेतो, इथे मात्र न वाचताच 'मान्य आहे' हे बटण दाबतो. हा कुठला न्याय?

म्हणून आम्ही त्या पक्षकाराला सांगितले, "हिशेब तुमचा, पण यंत्र दुसऱ्याचे. पोराला तीन गोष्टी विचारा : आपली माहिती कोणत्या देशात आहे? तिची दुसरी प्रत कुठे आहे? आणि उद्या सेवा सोडली तर सारी माहिती परत कशी मिळेल?" या तिन्ही प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली, तर क्लाऊड खुशाल वापरा. न मिळाली, तर ते बटण दाबू नका!