ताळ्याचे मोल

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या पाहून कोणाचीही दृष्टी क्षणभर गोंधळेल. तिची घडण मात्र सोपी आहे. दोन हा अंक सदुसष्ट वेळा मांडून गुणाकार करावा व त्यातून एक वजा करावा, की ही संख्या हाती येते.

मरीन मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली आपल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत ही मूळ संख्या असल्याचे, म्हणजे एक व ती स्वतः यांवाचून तिला दुसरा भाजक नसल्याचे, लिहून ठेवले. पुरावा दिला नाही. लेखकाचा लौकिक मोठा आणि संख्याही अवाढव्य. ताळा पाहणार कोण? सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ ते विधान तसेच राहिले.

१८७६ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने एका नव्या कसोटीच्या आधारे ही संख्या मूळ नसल्याचे दाखविले. गंमत अशी, की ही कसोटी संख्येला अवयव आहेत एवढेच सांगते. ते कोणते, याविषयी ती मौन पाळते. चोरी झाली हे सिद्ध व्हावे आणि चोर मात्र सापडू नये, तसेच हे झाले.

तो शोध अमेरिकेतील प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी पुरा केला. या संख्येच्या प्रत्येक भाजकाला १३४ ने भागले असता बाकी एकच उरली पाहिजे, असा नियम आहे. अशा नियमांनी शोधाचे क्षेत्र आकुंचित होते खरे, तरीही उरणारे काम डोंगराएवढेच असते. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथील गणितज्ञांच्या सभेत कोल यांनी आपले उत्तर मांडले. त्या प्रसंगाची हकीकत गणितलेखक एरिक टेंपल बेल यांनी सांगितली आहे. कोल फळ्यापाशी गेले, एक शब्दही न उच्चारता त्यांनी प्रथम ही संख्या काढली आणि शेजारी १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ असा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरे जुळली व सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. या कामी तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, असे कोल यांनी बेल यांना सांगितले होते.

आज संगणक हे अवयव क्षणार्धात काढून देतो. मग त्या रविवारांचे मोल उरले काय? आमच्या मते, उरले. अवयव शोधण्यास वर्षे लागली, पण ते खरे आहेत की नाहीत हे गुणाकार येणारा शाळकरी मुलगाही तासाभरात ठरवू शकतो. थोरामोठ्यांच्या शब्दापेक्षा हा ताळा श्रेष्ठ होय.

आपल्या वर्गांतून उत्तराला गुण मिळतात, ताळ्याला क्वचितच. ‘पुस्तकात असे दिले आहे’ या वाक्यापाशी विद्यार्थ्याची जिज्ञासा थांबू लागली, तर मर्सेनची चूक आपणही पिढ्यान्‌पिढ्या जपत बसू. शिक्षकाने एखाद्या दिवशी फळ्यावर हा गुणाकार मांडावा आणि मुलांना एवढेच म्हणावे, ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून पाहा.’