लेखांक ६ : नक्कल करायची, पण न बघता

मागच्या आठवड्यात आपण फ्लोरिडातल्या बोका रॅटनला थांबलो होतो. आयबीएमच्या तिथल्या छोट्या गटाने डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखाली साधारण वर्षभरात पर्सनल कॉम्प्युटर उभा केला आणि १२ ऑगस्ट १९८१ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो जाहीर झाला. इतक्या घाईत प्रत्येक भाग घरी घडवत बसणं शक्यच नव्हतं. म्हणून प्रोसेसर इंटेलचा, फ्लॉपी ड्राइव्ह टँडनचा, प्रिंटर एप्सनचा आणि ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. एवढ्यावर न थांबता आयबीएमने यंत्राचं टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलही विकायला ठेवलं. सर्किटच्या आकृत्यांपासून बायॉसच्या अख्ख्या लिस्टिंगपर्यंत सगळं त्यात छापलेलं होतं. यात औदार्य कमी आणि हिशेब जास्त होता. बाहेरच्यांनी कार्डं आणि प्रोग्रॅम बनवल्याशिवाय पीसी खपणार नाही, हे ॲपल टू बघून आयबीएमला कळलं होतं.

थोडक्यात, पैसे मोजले की यंत्रातला जवळजवळ प्रत्येक भाग कुणालाही बाजारात मिळत होता. आयबीएमची म्हणून एकच गोष्ट उरत होती, बायॉस. यंत्र सुरू केल्याबरोबर कीबोर्ड, पडदा आणि डिस्क यांना जागं करणारा, रॉममध्ये कायमचा बसवलेला हा प्रोग्रॅम जेमतेम ८ केबीचा. त्यावर आयबीएमचा कॉपीराइट होता आणि लिस्टिंग छापून टाकण्यामागे थोडी हुशारीही असावी: पुस्तक सगळ्यांनी वाचलंय म्हटल्यावर ‘आम्ही ते पाहिलंच नाही’ असं कोर्टात कोण सांगणार? ईगल आणि कोरोना या कंपन्यांवर आयबीएमने बायॉस उचलल्याचा दावा लावला आणि १९८४ मध्ये दोघींनी मुकाट्याने तडजोड केली.

ह्यूस्टनच्या कॉम्पॅकने मात्र सरळ वाट धरली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो यांनी १९८२ च्या सुरुवातीला ही कंपनी काढली. कॉपीराइट असतो तो लिहिण्यावर, त्या लिखाणातून होणाऱ्या कामावर नसतो. म्हणून माणसांचे दोन गट केले. पहिल्याने आयबीएमची लिस्टिंग वाचायची आणि बायॉस काय करतो एवढंच टिपायचं. म्हणजे असं : इंटरप्ट १० हेक्स आला आणि एएच रजिस्टरमध्ये ०ई असेल, तर एएलमधलं अक्षर पडद्यावर उमटवायचं आणि कर्सर एक घर पुढे न्यायचा. ते कसं करायचं, याबद्दल चकार शब्द नाही. दुसऱ्या गटात मूळ लिस्टिंग कधीच न पाहिलेली माणसं. त्यांनी हे टिपण समोर ठेवून कोड पहिल्या ओळीपासून लिहायचा. अशी पानंच्या पानं लिहून घेण्यात पैसा आणि महिने गेले, पण कायद्याने बोट ठेवायला जागा उरली नाही. १९८३ मध्ये कॉम्पॅकची यंत्रं दुकानात आली. नाव ‘पोर्टेबल’ आणि वजन सुमारे १३ किलो! तरीही पहिल्याच वर्षी ५३ हजारांवर नग खपले आणि ११ कोटी डॉलरहून जास्त विक्री झाली.

यात ‘तंतोतंत’ या गोष्टीला किती किंमत होती, हे आज पटकन लक्षात येत नाही. मायक्रोसॉफ्टचं एमएस-डॉस चालवणारी यंत्रं इतरही होती. डेकचं रेनबो होतं, टँडीचं २००० होतं. पण लोटस १-२-३ हे स्प्रेडशीट पडद्याच्या मेमरीत थेट लिहायचं, डॉसला मध्ये न घेता. आयबीएमसाठी आणलेली फ्लॉपी या यंत्रांत घातली तर ते चालत नसे. त्यामुळे यंत्र कंपॅटिबल आहे की नाही, हे लोटस आणि फ्लाइट सिम्युलेटर लावून बघायची पद्धत पडली. ही दोन चालली तर यंत्र घ्यायचं, नाहीतर पुढचं दुकान.

१९८४ मध्ये फिनिक्स या कंपनीने याच रीतीने बायॉस तयार केला आणि मागेल त्याला विकायला सुरुवात केली. मग धरणच फुटलं. तैवानच्या कारखान्यांपासून टेक्सासमध्ये वसतिगृहाच्या खोलीत धंदा मांडलेल्या मायकल डेलपर्यंत सगळे पीसी जोडू लागले. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर ‘असेंबल्ड’ पीसी मिळू लागले, तेही याच पुरात. भारतीय लिप्यांसाठी आयआयटी कानपूरमध्ये तयार झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं जिस्ट कार्डसुद्धा पीसीच्या मोकळ्या स्लॉटमध्येच बसायचं. पीसीच्या पडद्यावर मराठी आणण्यासाठी आयबीएमची परवानगी मागावी लागली नाही.

आयबीएमला हे सहन होईना. एप्रिल १९८७ मध्ये कंपनीने पीएस/२ आणलं. आत कार्डं जोडायची मायक्रो चॅनेल नावाची नवी बस होती आणि ती वापरायची तर रॉयल्टी मोजायची होती. बाजार आपल्या मागे येतो, अशी आयबीएमची समजूत होती. खरं तर बाजार लोटसच्या फ्लॉपीच्या मागे होता. शिवाय ३८६ प्रोसेसरचा पीसी कॉम्पॅकने १९८६ मध्येच, आयबीएमच्या आधी आणून दाखवला होता. सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅक, एचपी, एप्सन, एनईसी, ऑलिव्हेटी वगैरे नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन ईसा नावाची वेगळी बस जाहीर केली. सर्व्हर सोडले तर तीही फारशी रुजली नाही. लोक जुन्या स्लॉटवरच खूश होते.

या सगळ्या चढाओढीत कमाई कोणाची झाली? पेटी विकणाऱ्यांचा नफा भाव पाडण्याच्या शर्यतीत वर्षागणिक आटत गेला. पण प्रत्येक पेटीला डॉस लागतच होतं. आयबीएमशी करार करताना मायक्रोसॉफ्टने ते इतरांना विकायचा हक्क स्वतःकडे ठेवला होता. म्हणजे कॉम्पॅकने आयबीएमला मागे टाकलं काय किंवा डेलने कॉम्पॅकला, मायक्रोसॉफ्टला फरक पडत नव्हता. स्पर्धा जितकी कडवी, तितकी पेटी स्वस्त आणि डॉसच्या प्रती तितक्या जास्त. या उद्योगातली मक्तेदारी स्पर्धा संपवून आली नाही, ती स्पर्धेवरच पोसली गेली, असं माझं मत आहे.

मग मक्ता टिकवायची युक्तीही आली. १९८८ मध्ये डिजिटल रिसर्चने डीआर-डॉस आणलं, आणि ते चांगलं होतं. मायक्रोसॉफ्टचे अनेक कंपन्यांशी करार मात्र ‘पर प्रोसेसर’ होते : करारातल्या प्रोसेसरची जेवढी यंत्रं बाहेर पडतील तेवढ्यांचे पैसे द्यायचे, आत एमएस-डॉस असो वा नसो. साहजिकच डीआर-डॉस घालायचं तर दोनदा पैसे. हिशेब जाणणारा कोणता उत्पादक ते करील? अमेरिकी न्याय खात्याशी जुलै १९९४ मध्ये झालेल्या समझोत्यात मायक्रोसॉफ्टने हे कलम सोडलं. पण पुढच्याच वर्षी विंडोज ९५ आली ती डॉस पोटात घेऊनच, आणि वेगळं डॉस विकत घेण्याचा प्रश्नच मिटला.

आणि ज्या आयबीएमने हे सगळं सुरू केलं, तिने आपला पीसीचा धंदा लेनोवोला विकायचं डिसेंबर २००४ मध्ये जाहीर केलं. पुढच्या आठवड्यात इंटेलकडे वळू. चिप दुसऱ्या एखाद्या कंपनीकडूनही मिळाली पाहिजे, अशी अट आयबीएमने इंटेलला घातली होती. त्या अटीतून एएमडी या गोष्टीत आली आणि इंटेलशी तिचं भांडण वर्षानुवर्षं चाललं.